आत राहिलेले बोल्ट

आमच्या घरी स्पोर्ट्स कार आली तेव्हा आमच्याकडे फ्रिज नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये जुन्या डायरेक्टरसाहेबांची दोन सीटची, वरून उघडी विलायती गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. साहेब परदेशात मुलाकडे कायमचे निघाले. जाण्याआधी शेड रिकामी करायला आले आणि ताडपत्री ओढणाऱ्या पप्पांना सहज म्हणाले, "तुला हवी तर घेऊन जा." माणसाने अशा वेळी हसून नको म्हणायचं असतं. पप्पांनी टेम्पो आणला.

बदलापूरच्या बेलवलीत आमच्या दारासमोर ती उतरली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ती किती ठेंगणी आहे. माझ्या कमरेला लागत होती. रंग लाल होता, म्हणजे जिथे उरला होता तिथे. शेजारच्यांची शेळी पहिल्याच दुपारी तिच्या बॉनेटवर चढली आणि ती तिची कायमची जागा झाली. आई दारात हात पुसत उभी होती.

"सीट दोनच?"

"स्पोर्ट्स कारला दोनच असतात."

"आणि आपण तिघं. तिसऱ्याने काय मागून पळत यायचं?"

पप्पा बॉनेटवरून शेळी उतरवू लागले.

मी त्या वर्षी बारावीला होते. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. आमच्या गल्लीत तशी मी एकटीच, त्यामुळे मला नाव नव्हतं, 'इंग्लिश मीडियम' होतं. "इंग्लिश मीडियम आली बघ," असं कोणी म्हणू नये म्हणून मी नळावरून मागच्या वाटेने घरी यायची. शाळेत माझ्या इंग्रजीला हसायचे, गल्लीत माझ्या मराठीला. मग मी दोन्हीकडे कमी बोलायचं ठरवलं आणि ते छान जमलं. लोक म्हणत, पोरगी शांत आहे. मी शांत नव्हते. मी फक्त बघत असायची.

मार्चमध्ये परीक्षा संपली आणि विहारात जयंतीच्या तयारीची बैठक झाली. दरवर्षी तसबीर ट्रकवरून निघायची. या वर्षी ट्रकवाल्याने आधीच दुसऱ्या कुणाला तरी शब्द दिला होता. अध्यक्ष काका काळजीत होते. ते निवृत्त पोस्टमन, आणि आयुष्यभर बंद दारांबाहेरून हाका मारल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे.

"ट्रक कुणाचा बघायचा?" त्यांनी विचारलं.

पप्पा उभे राहिले. "ट्रक कशाला? आपली गाडी आहे ना. उघडी आहे, सगळ्यांना दर्शन होईल."

"कोणती? ती शेळी बसते ती?"

सगळी बैठक हसली. पप्पांचे कान लाल झाले. मला ते बायकांच्या बाजूच्या सतरंजीवरून दिसत होते. "चालत येईल," ते म्हणाले. "कुणी हात नाही लावायचा. शब्द देतो." एवढं पुरे होतं. पण शब्द दिल्यावर त्यांना आणखी काही द्यावंसं वाटलं असणार. "आणि बाजूच्या सीटवर तसबीर धरून माझी मुलगी बसेल. इंग्लिश मीडियमची आहे."

जणू ती गाडी मराठी माध्यमाच्या माणसाला बसू देत नव्हती.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीचा एक दोरा ओढला आणि तो बराच लांब निघाला. त्या क्षणापासून माझी आणि त्या गाडीची लढाई सुरू झाली. ती चालली तर पप्पांचा शब्द राहणार होता आणि मला सगळ्या बदलापूरसमोर, फुलांच्या हारांत, ताशी चार-पाच किलोमीटरच्या वेगाने मिरवावं लागणार होतं. ती चालली नाही तर मी सुटणार होते, आणि पप्पा पुढची कित्येक वर्षं शेळीवाले म्हणून ओळखले जाणार होते. मला दोन्ही नको होतं. पण दोन्ही नको, असं इंजिनाला सांगता येत नाही.

रस्त्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री रविवारी आले. ते मूळ गावातले, पूर्वी त्यांची भातशेती होती तिथेच आता त्यांचं रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्यांनी बॅटरी जोडली, कुठे कुठे फुंकलं, आणि गाडी चालू झाली. आवाज असा आला की शेळी बॉनेटवरून थेट पलीकडच्या ओट्यावर गेली आणि समोरच्या घरातलं बाळ त्यानंतर तासभर रडलं.

"चालू तं झाली," मिस्त्री ओरडले. "पण धूर नळीतून जात नाय. इथूनच फुटतंय." त्यांनी इंजिनाच्या बाजूला बोट दाखवलं. जिथे एक्झॉस्टची लोखंडी नळी इंजिनाला बोल्टांनी आवळलेली होती तिथून आग आणि फटाके बाहेर पडत होते. नळी काढायची, मधली पट्टी बदलायची, परत आवळायची. अर्ध्या दिवसाचं काम.

पप्पांनी पाना लावला. त्यांचा हात कारखान्याच्या बॉयलरवर बसलेला. ते बोल्ट मात्र त्यांच्या करंगळीएवढे होते. पहिल्या बोल्टने एक बारीकसा 'टक्' आवाज केला आणि त्याचं डोकं, थोड्याशा मानेसकट, पप्पांच्या हातात आलं. उरलेला आत.

मिस्त्रींनी विडी काढली, परत ठेवली. "थांबा, जरा हलक्या हातानं," ते म्हणाले, आणि पाना स्वतः घेतला. टक्. दुसरा.

"हलक्या हातानं तुटला," आई ओट्यावरून म्हणाली.

मग कुणाला तरी आठवलं की गाडीबरोबर एक पुस्तक आलं आहे. जाडजूड, इंग्रजी, कडा उंदरांनी खाल्लेलं. मला बोलावलं गेलं. मी खोक्यावर बसले, मांडीवर पुस्तक घेतलं. आजूबाजूला बरेच लोक जमले होते, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय लिहिलंय?" पप्पांनी विचारलं.

मी वाचलं, आणि शक्य तितक्या हळू सांगितलं, "लिहिलंय, बोल्ट काढा."

"आणि?"

"मग नळी बाजूला करा."

"तुटला तर?"

मी पान उलटलं. "ते नाही लिहिलेलं."

"नीट बघ."

"नाही लिहिलेलं, पप्पा. शेवटी लिहिलंय, ज्या क्रमाने काढलं त्याच्या उलट क्रमाने बसवा."

मिस्त्रींनी यावर विचार केला. "म्हंजी आपुन आधी तोडला, मग काढाय गेलो. उलटा क्रम झाला. बरोबर केलाव आपुन."

एक आजोबा म्हणाले, "पोरी, त्या पुस्तकाला सांग ना, की निघत नाय म्हणून." ते चेष्टा करत होते की नाही ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्या आठवड्यात बोल्ट आजारी माणसासारखा झाला. लोक कामावरून येता-जाता चौकशी करायचे. "कसाय?" "काल रात्री रॉकेल घातलं." "काही फरक?" "नाही." प्रत्येकाकडे एक औषध होतं. एरंडेल. चिंचेचं पाणी. कोल्ड्रिंक. शहाडच्या कारखान्यात नाइट शिफ्ट करणारे एक काका बाटलीतून कसलं तरी ॲसिड घेऊन आले आणि त्याने बोल्ट सोडून बाकी सगळं साफ झालं, त्यात आईच्या तुळशीची कुंडीही. समोरच्या घरची मावशी एकदा चहाचा कप घेऊन आली, इंजिनात डोकावली, च्च च्च केलं आणि आईला म्हणाली, "ताई, तुम्ही जेवलात ना? घरात असं असलं की बाईचं जेवणाकडे दुर्लक्ष होतं."

मिस्त्रींनी मग तुटक्या बोल्टच्या मधोमध बारीक भोक पाडलं आणि त्यात उलट्या आट्यांची एक खीळ घालून फिरवली. ही खीळ आत रुतते आणि बोल्टला ओढून बाहेर काढते, असं ते सांगत होते. सांगता सांगताच ती तुटली. आता इंजिनात बोल्ट होता आणि बोल्टात, बोल्ट काढायची खीळ होती. ती खीळ बोल्टपेक्षा कडक लोखंडाची. तिला कुठलंच ड्रिल लागेना.

"हिला काढाय काय मिलतं का?" मिस्त्रींनी मला विचारलं.

मी पुस्तक बघितलं. लोक वाट बघत होते, म्हणून मी दोन पानं जास्तच बघितली.

पप्पांनी ठरवलं, आतल्याचं नंतर बघू. निदान नवे बोल्ट तयार ठेवू. पण त्या बोल्टचे आटे इंग्लंडचे. कल्याणला मिळेनात, अंबरनाथला मिळेनात. तेव्हा अर्थातच उल्हासनगर. आमच्याकडे सगळ्यांचा असा विश्वास होता की जगात कुठेही काही बनलेलं असेल तर उल्हासनगरला त्याची जोडी बनते, आणि आठवडाभरात मिळते.

आम्ही स्कूटरवर गेलो. कॅम्पातल्या एका अरुंद गल्लीत नटबोल्टांचं दुकान होतं. गल्ल्यावरचे सिंधी शेठ पांढऱ्या लेंग्यात, कपाळावर चष्मा. पप्पांनी रुमालातून पहिल्या बोल्टचं डोकं काढून काउंटरवर ठेवलं. मला बरोबर आणलं होतं ते इंग्रजी आट्यांसाठी, पण शेठना इंग्रजीची गरज नव्हती.

"सॅम्पल है ना? बस. बाकी मेरे पे छोडो, साईं."

"एकदम असाच पाहिजे," पप्पा म्हणाले. "जरा पण फरक नको. सेम टू सेम."

शेठ दुखावले. "सुबह से शाम तक मैं और क्या करता हूं?"

मी काउंटरवरच्या त्या तुकड्याकडे बघितलं. काही तरी खटकलं. पण दोन मोठी माणसं इतक्या आत्मविश्वासाने एकमेकांशी बोलत असताना मध्ये पडायची मला सवय नव्हती, आणि काय खटकलं ते मलाच पुरतं कळलं नव्हतं.

आठवड्याने गेलो. शेठनी पुडी सोडली आणि बोल्ट काउंटरवर एका रांगेत मांडले. डझनभर. प्रत्येकाला डोकं होतं, थोडीशी मान होती, आणि मानेच्या खाली प्रत्येक बोल्ट तुटलेला होता. नुसता आखूड नव्हे, तर तुटलेला. तसाच तिरका, एका बाजूला दात राहिलेला, दुसऱ्या बाजूला खड्डा. डोक्यावर पप्पांचा पाना घसरून पडलेला ओरखडा होता, तोही प्रत्येकावर होता. गंज मात्र नव्हता. त्याबद्दल शेठ म्हणाले, "जंग अपने आप आ जाएगा. बारिश आने दो."

"हा तुटलेला आहे," पप्पा म्हणाले.

"हां. सॅम्पल भी टूटा हुआ था."

"अहो शेठ, आम्हाला पूर्ण पाहिजे होता."

"साईं, आप बोले सेम टू सेम. मैंने कारीगर को बोला, ये कोई खास विलायती आइटम होगा. उसने पूछा, ये नीचे का टेढा भी बनाना है? मैंने बोला, पार्टी ने बोला है जरा भी फरक नहीं. वो टेढा बनाने में ही तो टाइम गया! सीधा तो कोई भी बनाता है."

पप्पा फिटर होते. रागवायच्या आधी त्यांनी एक बोल्ट उचलला, उजेडात धरला, अंगठ्याने तुटकी कड चाचपली. मग दुसरा उचलला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, कौतुक आलं. "च्यायला," ते हळूच म्हणाले. माझ्यासमोर ते सहसा असं बोलत नसत. मग त्यांनी आपला मूळ तुकडा शोधायला सुरुवात केली. शेठनी तो धुऊन पुसून, चकचकीत करून त्याच रांगेत ठेवला होता. पप्पांना तो सापडेना. शेठनाही सापडेना. दोघांनी काउंटरवर वाकून सगळे तुकडे फिरवून फिरवून बघितले.

"पूरा चाहिए तो पूरा सॅम्पल लाओ," शेठ शेवटी म्हणाले.

"पूर्ण सॅम्पल इंजिनात आहे."

"तो निकालो."

"तो काढायचाय म्हणून तर..." पप्पा बोलता बोलता थांबले. मला वाटतं त्यांना त्या वेळी सगळं एकदम गोल दिसलं.

मी तेव्हा हसले. भर दुकानात, परक्या माणसांसमोर, आवाज करून. शेठनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं आणि पप्पांना म्हणाले, "बच्ची समझदार है."

जयंतीच्या सकाळी गाडी होती तशीच होती. नळी उरलेल्या बोल्टांवर लटकलेली, दोन भोकं आतून बंद. पप्पांनी पत्रा वाकवून तारेने बांधला होता. बायकांनी तिला झेंडूच्या माळा घातल्या, निळे झेंडे लावले, तेव्हा ती खरंच चांगली दिसली. शेळीला त्या दिवसापुरतं मागे बांधलं होतं. मी पांढरी साडी नेसून विहाराच्या भिंतीला इतकी चिकटून उभी होते की पाठीला चुना लागला.

वंदना झाली. तसबीर आणली. बाजूच्या सीटवर एक पाट, पाटावर दुसरा पाट, त्यावर तसबीर, असं सगळं दोरीने पक्कं केलं. ती मांडीवर घेतली असती तर कुणालाच दिसली नसती. म्हणजे माझी जागा तिथे उरलीच नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी भिंत सोडली.

पप्पांनी चावी फिरवली.

आमच्या ढोलपथकात एक डझन तरी ढोल होते. त्यांनी एक ठोका वाजवला आणि दुसरा वाजवायचं सोडून सगळे कानावर हात ठेवून उभे राहिले. तार तुटली होती, पत्रा उडून कुठे गेला ते कधीच कळलं नाही. बाजूच्या इमारतीतली कबुतरं उठली. अध्यक्ष काका काही तरी ओरडत होते, आणि त्यांचा आवाज ऐकू न येण्याची ही बदलापुरातली पहिलीच वेळ असावी. ते हाताने 'बंद, बंद' करत होते. पप्पांनी बंद केली.

त्या शांततेत अध्यक्ष काका म्हणाले, "हे नाही चालणार. अशाने तसबिरीचा काय मान राहील? ढकलत न्या."

पप्पा उतरले. एक क्षण ते गाडीच्या बाजूला नुसते उभे राहिले, दार धरून. मग दोन्ही तळवे मागच्या पत्र्यावर टेकले. त्यांना बघून मिस्त्री आले, मग इतर आले. पण सगळे मागे, आणि स्टिअरिंगवर कुणी नाही.

"वजनाला हलकं माणूस बसवा," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा.

मी बसले. आणि बसताच खाली गेले. सीटच्या स्प्रिंगा तुटल्या होत्या, ती गाडी आधीच ठेंगणी, आणि बाजूला दोन पाटांवर उंच तसबीर. मला फक्त कमरा दिसत होत्या. पट्टे, साड्यांचे निऱ्या खोचलेले भाग, ढोलांची खालची बाजू, कुणाच्या तरी हातातला निळा झेंडा. लोक फुलं टाकत होते ती तसबिरीवर जात होती, काही माझ्या डोक्यावर पडत होती. कुणालाच मी दिसत नव्हते. इतके दिवस मी ज्याला घाबरत होते ते हेच होतं का? मी मिरवणुकीच्या अगदी मध्यभागी होते आणि सगळ्या बेलवलीत तेवढी एकच जागा लपायला चांगली होती.

चौकात मिरवणूक थांबली. अध्यक्ष काका गाडीजवळ आले. बरोबर दुसऱ्या वस्तीतले पाहुणे होते, त्यांच्यापैकी एकाने विचारलं, "गाडी बंद पडली वाटतं?"

"चालत येईल म्हणाले होते आमचे फिटरसाहेब," काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "कुणी हात नाही लावायचा, म्हणाले होते. शब्द दिला होता."

मागून पप्पांचा श्वास ऐकू येत होता. ते दमले होते. "बंद नाही पडली," ते म्हणाले. "मिरवणुकीत हिचं इंजिन बंदच ठेवायचं असतं. तसं पुस्तकात लिहिलंय." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "विचारा माझ्या मुलीला."

काका वाकले. पाहुणे वाकले. दाराच्या वरून चेहऱ्यांची एक रांग माझ्याकडे बघू लागली. मागे वळले असते तर पप्पा दिसले असते. मी वळले नाही.

"हो," मी म्हणाले. "लिहिलंय."

"काय लिहिलंय?" पाहुण्यांनी विचारलं.

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, मान वर केली आणि इंग्रजीत, शाळेत कधी बोलले नव्हते एवढ्या मोठ्याने, पंख्याचा पट्टा किती ताणावा आणि सैल झाल्यास कोणता नट आधी ढिला करावा, त्याचा अख्खा परिच्छेद म्हणून दाखवला. बोल्टचं उत्तर शोधता शोधता तो मला पाठ झाला होता. मध्ये एकदा श्वास घेतला. शेवटी 'उलट क्रमाने बसवा' हेही म्हटलं.

पाहुण्यांनी आदराने मान हलवली. अध्यक्ष काका सरळ झाले. "मग लिहिलंय तर लिहिलंय," ते ओरडले. "चला!"

ढोल सुरू झाले. चौकापुढे रस्ता हळूच खाली उतरतो. चालताना ते कधी लक्षातही येत नाही, पण गाडीच्या लक्षात आलं. मागच्या हातांचा जोर कमी झाल्यासारखा वाटला, मग नाहीसाच झाला. कुणीही ढकलत नव्हतं. तरी माळा हलत होत्या, झेंडे फडफडत होते, लोकांच्या कमरा मागे जाऊ लागल्या.

"चालली!" पप्पा मागून धावत येत होते. धावत दाराशी आले, पण त्यांनी दाराला हात लावला नाही. हात वर धरून धावत राहिले. "काका, बघा! हात नाही लावला! चालली!"

मी समोर बघत होते. ब्रेकचा धडा मी वाचला नव्हता.